किती वाव पाणी?

क्राकेन या समुद्रातल्या महाकाय राक्षसाला ४७२ हिट पॉइंट असतात, म्हणजे तेवढी इजा झाली की तो संपला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाच्या २०१४ साली आलेल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याच्या नावाखाली हा आकडा छापलेला आहे. खाली बाकीचा तपशील. ताकद ३०, म्हणजे त्या नियमांत कुणालाही मिळू शकणारी कमाल. बुद्धी २२, म्हणजे मुरलेल्या जादूगाराच्याही वर. दहा भुजा, एकेका भुजेची पोच ३० फूट. जहाज, धक्का, तटबंदी असल्या गोष्टींवर त्याचा घाव बसला तर नुकसान दुप्पट. भुजेत सापडलेल्या माणसाला तो गिळू शकतो आणि पोटात आम्ल असतं. त्याला मारलं तर मारणाऱ्यांना मिळून ५०,००० अनुभव-गुण.

हे पान मला पाठ आहे, तरी दर वेळी मी पहिल्या आकड्याशीच अडतो. कारण आकडा आला की वजाबाकी आली. समोर बसलेले हुशार लोक लगेच मनात हिशेब मांडतात: आपण सगळे मिळून एका फेरीत साठएक काढतो, म्हणजे आठ फेऱ्या. एक फेरी सहा सेकंदांची. म्हणजे पाऊण मिनिटाच्या आसपास काम तमाम. पिढ्यान्‌पिढ्या खलाशांच्या झोपा उडवणारं जनावर पाऊण मिनिटात संपतं, आणि मग चर्चा सुरू होते ती त्याच्या बिळात सोनं किती होतं याची.

मला हे मनापासून खटकतं. समुद्रातल्या एवढ्या मोठ्या जिवाला हा खेळ याहून चांगला न्याय देऊ शकतो, आणि तो द्यायची सोय त्याच पुस्तकात, क्राकेनच्याच नोंदीत आहे, असं मला वाटतं. हा लेख त्यासाठी.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी देवाची सेवा करणारा क्लेरिक. एक जण सगळं जग चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात, आमच्या बोलण्यात डीएम. डीएम समोर काय दिसतंय ते सांगतो आणि विचारतो, “काय करताय?” उत्तरं मिळतात, जिथे निकालाची खात्री नसते तिथे वीस बाजूंचा फासा पडतो, आणि गोष्ट पुढे सरकते. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी हा खेळ छापला तेव्हा पहिल्याच खोक्यातल्या तीन पुस्तिकांमध्ये जहाजांच्या लढाईचे नियम होते आणि ड्रॅगन टर्टल नावाचं महाकाय समुद्री कासवही होतं. पुढच्याच वर्षी आर्नेसनच्या ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत पाण्याखालच्या प्राण्यांची भलीमोठी भर पडली. म्हणजे नावात ‘डंजन’ असलं तरी समुद्र या खेळात पहिल्यापासून आहे.

आमच्या ग्रुपचा डीएम मी. शनिवारी रात्री पुण्यात कुणाच्या तरी हॉलमध्ये बसतो, एक मैत्रीण कॅनडातून व्हिडिओ कॉलवर असते, तिची तेव्हा सकाळ. आमची सध्याची गोष्ट ‘फरगॉटन रेल्म्स’ या जगात, त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर चालू आहे. त्या समुद्राचं नाव सी ऑफ सोर्ड्‌स. तिथली समुद्राची देवी अंबरली. ती प्रेमळ वगैरे अजिबात नाही. तिच्यावर प्रेम असल्यामुळे कुणी तिची पूजा करत नाही. जहाज सुखरूप परत यावं म्हणून खलाशी भीतीपोटी तिला काहीतरी वाहतात आणि मगच नांगर उचलतात. लढणाऱ्या वीरांच्या जगात समुद्रापुरता हा वेगळा कायदा आहे, आणि तो लिहिणाऱ्यांनी विचारपूर्वक केला असावा असं मला वाटतं. डोंगरातल्या ड्रॅगनला लोक मारायला जातात. समुद्रातल्या ड्रॅगन टर्टलला खलाशी सोनंनाणं देऊन वाट मागतात. त्याचा वाफेचा फुत्कार पाण्याखालीही भाजतो. आगीचा मारा पाण्यात अर्धा होतो हा नियम त्याच्या वाफेला लागू नाही, असं पुस्तकात मुद्दाम लिहिलंय. अशा जनावराशी व्यवहार ठेवणं शहाणपणाचं.

क्राकेनच्या बाबतीत मात्र टेबलावर व्यवहार आठवत नाही. तलवारच आठवते. मोठा दोष मी नकाशाला देतो. आमच्या लढाया चौकटी आखलेल्या कागदावर होतात. एक चौकट एक इंचाची, ती धरायची पाच फूट. सगळ्यांत मोठ्या आकाराच्या प्राण्याला किमान चार बाय चार चौकटी, म्हणजे वीस फूट बाय वीस फूट. प्लॅस्टिकचा रंगवलेला क्राकेन तिथे ठेवला की तो एखाद्या बैठकीच्या खोलीएवढा होतो, आणि शेजारचं शंभर फुटी जहाज त्याच्यापेक्षा लांब दिसतं. त्याच्या भुजा कुठवर पोचतात हे चौकटी मोजून कळतं. आणि भुजा कुठवर पोचतात हे कळलं, की पोचत नाहीत तिथे उभं राहता येतं.

हा प्राणी मुळात कुठून आला ते शोधत गेलं की माणूस नॉर्वेच्या किनाऱ्यावर पोचतो. एरिक पोंटोप्पिडान हा बर्गनचा बिशप. १७५२-५३ मध्ये त्याने नॉर्वेच्या निसर्गाचा इतिहास लिहिला, १७५५ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद आला. हवा, दगड, झाडं, पक्षी, मासे असं सगळं नोंदवत तो क्राकेनपाशी येतो. डोलकाठ्यांना विळखे घालून जहाज ओढणारं जनावर आपल्या डोळ्यांपुढे असतं, ते पिएर दनी द मोंफोर या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १८०० नंतर लगेच छापलेल्या चित्राच्या वळणाचं. पोंटोप्पिडानचा क्राकेन निराळा आहे. त्याने तो कोळ्यांकडून ऐकला आणि त्यांच्याच कामाच्या भाषेत उतरवला.

ते असं. उन्हाळ्याच्या गरम, निवांत दिवशी होड्या काही मैल आत जातात. ठरलेल्या खुणांवरून कोळ्यांना माहीत असतं की इथे ८० ते १०० वाव पाणी आहे. (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर, साधारण सहा फूट. आपल्या किनाऱ्यावरही खोली अशीच मोजत आले आहेत.) दोरी सोडावी तर वीस-तीस वावांतच तळ लागतो. आणि त्या जागी मासळी एवढी, की गळ टाकायचा अवकाश. कोळी काय ते ओळखतात: खाली क्राकेन आहे, आपण त्याच्या पाठीवर मासे मारतोय. बातमी पसरते, वीस-वीस होड्या गोळा होतात आणि एकमेकींपासून बेताचं अंतर ठेवून गळ टाकत राहतात. लक्ष ठेवायचं एकाच गोष्टीवर, पाणी आणखी उथळ होतंय का. होत असेल तर तो वर येतोय. मग दोऱ्या आवरायच्या आणि जीव खाऊन वल्ही मारायची. पुन्हा नेहमीची खोली लागली की वल्ह्यांवर टेकून मागे बघायचं. काही मिनिटांत तो वर येतो. दिसते ती फक्त पाठ, तीही दीड मैल घेराची, लहान लहान बेटं उगवल्यासारखी. मग डोलकाठीएवढी उंच शिंगं. थोडा वेळ थांबून तो सावकाश खाली जातो. खरा धोका असतो तो या जाण्याचा, कारण त्याच्यामागे पाणी भोवरा धरून आत ओढलं जातं.

इतकी मासळी तिथे का, याचंही उत्तर कोळ्यांकडे होतं. क्राकेन काही महिने नुसता खातो आणि पुढचे काही महिने नुसतं बाहेर टाकतो. त्याने पाणी गढुळतं आणि त्या गढूळ पाण्यावर मासे धावून येतात. एखाद्याची होडी भरून परत आली की किनाऱ्यावरचे म्हणायचे, हा क्राकेनवर मासे मारून आलेला दिसतो.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या रात्री दुसरं काही वाचू शकलो नाही. या सगळ्या वर्णनात कुणी भाला उचलत नाही. कुणी शूर नाही, कुणी भेकड नाही. एक जनावर आहे, त्याच्या येण्याजाण्याची लक्षणं आहेत, त्याच्यामुळे मिळणारी भाकरी आहे आणि वेळेवर निघायची अक्कल आहे. दीड मैल घेराचं ते अंग चौकटींच्या कुठल्या कागदावर मांडणार? ते मांडायचंच नाही, त्याच्यावरून दोरी सोडायची.

आता पुस्तकातली ती सोय सांगतो. क्राकेनच्या आकड्यांसोबतच त्याच्या मुक्कामाच्या परिसराबद्दल एक छोटा मजकूर आहे. घाईत असलेले डीएम तो ओलांडून जातात. त्यात म्हटलंय की त्याच्या बिळाभोवती सहा मैलांपर्यंतचं हवामान त्याच्या मर्जीने बदलतं. बुद्धी नसल्यागत जगणारे साधे जलचर त्याच्या कह्यात असतात आणि परक्यांवर चाल करून जातात. मला खरा क्राकेन या मजकुरात भेटतो. सहा मैल म्हणजे पुण्यात डेक्कनवरून निघून पार वारज्याच्या पलीकडे. तेवढ्या टापूतला वारा, पाऊस, मासा त्याच्या स्वभावाप्रमाणे वागतो. त्या टापूत गाव असेल तर त्या गावाचं पंचांग, लग्नांचे मुहूर्त, होड्या बाहेर काढायचे दिवस, म्हाताऱ्यांच्या म्हणी, सगळ्यांवर त्याची छाया असणार. त्याची एक भुजाही न दाखवता त्याला वर्षभर टेबलावर बसवून ठेवता येतं.

फरगॉटन रेल्म्सच्या याच जगात स्लार्क्रेथेल नावाचा एक क्राकेन आहे. जमिनीवर त्याची एक गुप्त संघटना चालते, क्राकेन सोसायटी. तिच्यासाठी खबरा काढणाऱ्या बऱ्याच जणांना आपला खरा मालक कोण हे ठाऊकच नसतं. २०१६ च्या ‘स्टॉर्म किंग्ज थंडर’ या साहसाच्या पुस्तकात ही सोसायटी महाकाय राक्षसांच्या राजालाच पळवून नेते. मला हा स्लार्क्रेथेल आवडतो, कारण तो भुजांच्या आधी चिठ्ठ्यांमधून भेटतो. बुद्धी २२ असलेला जीव पहिल्याच फेरीत डोलकाठी कशाला मोडेल?

आकाराची गोष्ट चाललीय म्हणून अबोलेथ या खेळातल्या आणखी एका जलचर राक्षसाचंही सांगायला हवं, जरी तो लांबीने क्राकेनपुढे पोर आहे. १९८१ मध्ये डेव्हिड कुकने लिहिलेल्या एका साहसात हा पहिल्यांदा आला. माशासारखा, तीन डोळे एकाखाली एक, अंगावर सतत बुळबुळीत थर. त्याची स्मरणशक्ती कधी पुसत नाही. बापाची, आजाची, देव जन्मायच्या आधीची सगळी स्मृती त्याच्यात उतरत आलेली असते. ज्या देवाची तुम्ही आरती करताय तो नव्हता तेव्हाचं त्याला आठवतं. त्याच्या शेपटासारख्या भुजेचा स्पर्श झाला आणि शरीराने प्रतिकार केला नाही, तर कातडी हळूहळू पारदर्शक आणि चिकट होते, आणि जखमा पाण्याबाहेर भरून येईनाशा होतात. आमच्या एका पात्राला ही बाधा झाली होती. खेळणारी मैत्रीण प्रत्येक प्रसंगात न विसरता सांगायची, “मी हातावर पाणी ओतून घेते.” बाजारात, दरबारात, प्रेताशेजारी बसलेली असताना. फासा टाकायला मी सांगितलेलं नव्हतं, नियमात एवढंच आहे की पाण्याबाहेर दर दहा मिनिटांत कातडी ओली केली नाही तर इजा होते. पण त्या ओतण्यामुळे टेबलावरच्या सगळ्यांना कळत होतं की समुद्र तिच्याबरोबर चालत आलाय.

आमच्यातल्या सगळ्यांनी सुंदरकांड लहानपणी कधी ना कधी कीर्तनात किंवा घरात ऐकलेलं आहे, त्यामुळे समुद्रातल्या राक्षसांची चर्चा निघाली की सुरसा आणि सिंहिका येतातच. हनुमान समुद्र ओलांडतो त्या एका उड्डाणात या दोघी आडव्या येतात. सुरसा नागमाता, देवांनी परीक्षेसाठी पाठवलेली. तिला वर मिळालाय की कुणी तिच्या तोंडात शिरल्याशिवाय पुढे जाणार नाही. ती जबडा वाढवते, हा अंग वाढवतो, आणि शेवटी अंगठ्याएवढा होऊन तोंडात शिरतो, बाहेर येतो, नमस्कार करतो आणि निघतो. तिचा शब्दही राहिला, वाटही मिळाली. पुढे सिंहिका. ती पाण्यावरून जाणाऱ्याची सावली धरते. वाल्मीकी सांगतात की हनुमानाचा वेग एकाएकी तुटला, उलट्या वाऱ्यात मोठं गलबत अडावं तसा. तो वर, खाली, चहूकडे पाहतो आणि खाऱ्या पाण्यातून उठलेलं ते धूड त्याला दिसतं. सुग्रीवाने छाया धरणाऱ्या एका प्राण्याबद्दल सांगितलं होतं, ते त्याला आठवतं. मग तो लहान होऊन तिच्या तोंडात पडतो आणि आतून मर्म फाडतो.

क्राकेनच्या पानावरही आतून लढायचा नियम आहे: गिळलेल्याने पोटातून एका खेपेत ५० इजा केली तर त्याला सगळं ओकून टाकावं लागण्याची शक्यता असते. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते सुग्रीवाचं आधी सांगून ठेवणं. एकाच समुद्रात, एकाच प्रवासात दोन महाकाय जीव. एकीला नमस्कार, दुसरीचा वध, आणि समोर कोण आहे हे ओळखायला अंगातली ताकद पुरली नाही, कानावर पडलेली माहिती लागली. सावली पकडणारी सिंहिका मी अजून टेबलावर आणलेली नाही. फासा आणि आकड्यांच्या पलीकडे ती इतकी भीतिदायक आहे की तिच्यासाठी उन्हाचा तास कोणता, सावली किती लांब पडेल, शिडाची सावली चालेल का, हे सगळं मला आधी नीट बसवायचंय.

क्राकेन मात्र आणला. त्या किनाऱ्यावरच्या वॉटरडीप या मोठ्या शहराच्या उत्तरेला नकाशात नाव नसलेलं एक कोळ्यांचं गाव वसवलं. एका व्यापाऱ्याचं जहाज तिथून जवळच चाळीस माणसांसह बुडालं होतं, आणि कारण शोधायला, जमलं तर बंदोबस्त करायला, त्याने आमच्या मंडळींना पाठवलं. काम फत्ते झालं तर पाच हजार सोन्याची नाणी. गावातली एक म्हातारी तांडेल त्यांना रात्री आपल्या होडीतून आत घेऊन गेली.

आमच्यात एक जण मालवणचा आहे, घरातल्या दोन पिढ्या मासेमारीत गेलेला. त्याचं पात्र ड्वार्फ क्लेरिक, पाण्याला भिणारं. बाकीचे सवयीप्रमाणे विचारायला लागले, “आजूबाजूला काय दिसतंय? फासा टाकू का?” हा फासा हातात न घेता म्हणाला, “किती वाव पाणी आसा ता आधी सांग.”

मी म्हटलं, मोजायचं असेल तर दोरी आहे. जुन्या जहाजांवर खोली कशी मोजायचे ते मला ठाऊक होतं, तसंच वर्णन केलं. दोरीच्या टोकाला शिशाचं लांबट वजन, त्याच्या बुडाला खळगा, खळग्यात चरबी भरलेली. वजन तळाला टेकलं की चरबीला वाळू, शिंपल्यांचा चुरा, चिखल, जे असेल ते चिकटून वर येतं. खोलीबरोबर तळाची जातही कळते आणि मुरलेला माणूस तेवढ्यावरून आपण कुठे आहोत ते सांगतो.

“टाकली,” तो म्हणाला.

“नव्वद वाव. करडी वाळू, बारीक.”

“थोडा पुढे चल नि परत टाक.”

“अठ्ठ्याऐंशी. तीच वाळू.”

बाकीच्यांचं लक्ष जरा उडायला लागलं होतं. एकाने शेंगदाण्याची वाटी पुढे ओढली. पुन्हा दोरी.

“एकतीस.”

वाटी होती तिथेच राहिली. “आणि चरबीला काय लागलंय?” मी सांगितलं: काही नाही. वाळू नाही, चिखल नाही. चरबीच नाही. खळगा चाटून पुसून स्वच्छ.

म्हातारी गळ टाकायला लागली होती. एकेका गळाला मासा. ती काही बोलत नव्हती, हात चालत होते. मालवणवाल्याने पुन्हा चरबी भरून घेतली, स्वतःच्या हाताने दाबून बसवली, असं त्याने मुद्दाम सांगितलं, आणि दोरी सोडली.

“सव्वीस. चरबी नाही.”

या खेळात डीएम “इनिशिएटिव्ह टाका” म्हणाला की समजायचं, लढाई लागली. सगळे त्या वाक्याची वाट बघत होते. दोघांच्या मुठीत फासे होते. मी ते वाक्य उच्चारलं नाही. कॅनडाहून आवाज आला, “चला रे इथून.” मग म्हातारीनेच गळ गुंडाळले आणि वल्ही हातात दिली. खोल पाण्यात पोचल्यावर त्यांनी मागे पाहिलं, आणि काय दिसलं ते सांगायला मला दोनच वाक्यं लागली: चंद्राच्या उजेडात होड्यांच्या वाटेवर जमीन होती. आणि थोड्या वेळाने नव्हती. एकाही हिट पॉइंटची देवाणघेवाण झाली नाही, आणि त्या रात्री निरोप घेताना कुणी अनुभव-गुण किती मिळाले ते विचारलं नाही.

खरा गोंधळ पुढच्या शनिवारी झाला. गावाला सगळं माहीत होतं हे त्यांच्या लक्षात आलं. गाव त्याच्याच पाठीवर जगत होतं. आमचा पॅलाडिन, म्हणजे व्रत घेतलेला योद्धा, खवळला. चाळीस माणसं बुडाली, त्यांची बायकामुलं आहेत, आणि हे लोक गप्प बसून मासे विकतात? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. क्लेरिक म्हणाला, त्याला मारलं तर मासळी जाईल, गाव काय खाणार? व्यापारी पाच हजार नाणी तुला देणार, गावाला नाही. तेही खोटं नव्हतं. दोन-अडीच तास फासा न टाकता वाद चालला, आवाज चढले, आणि डीएम म्हणून मी त्यात पडलो नाही. माझं मन कुठे होतं ते इथे सांगायला हरकत नाही. मला त्या जनावराची काळजी वाटत होती.

त्याचं कारण खेळाबाहेरचं आहे. क्राकेनच्या गोष्टींमागचा खराखुरा प्राणी म्हणजे महाकाय स्क्विड, असं मानतात. १८५७ मध्ये डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ यापेटुस स्टेनस्ट्रुप याने त्याला आर्किट्यूथिस हे शास्त्रीय नाव दिलं, त्याच्या हाती पुरावा म्हणून एक चोच होती. तरी जिवंत आणि त्याच्या स्वतःच्या पाण्यात त्याचे फोटो मिळायला २००४ उजाडलं. त्सुनेमी कुबोदेरा आणि क्योइची मोरी या जपानी संशोधकांनी ओगासावारा बेटांजवळ ९०० मीटर खोल आमिष आणि कॅमेरा सोडला होता. स्क्विडने आमिषावर झडप घातली आणि त्याची एक लांब भुजा हुकात अडकली. चार तासांहून जास्त वेळ तो सुटायला धडपडत होता आणि कॅमेरा फोटो काढत होता. शेवटी भुजा तुटली. तो गेला, भुजा वर आली, साडेपाच मीटर लांब. बोटीवर घेतल्यावरही तिचे चूषक डेकला आणि जवळ नेलेल्या बोटांना धरत होते. त्या फोटोंच्या मालिकेत राक्षस कुठेच नाही. अंधारात अडकलेला एक जीव आहे.

हे मी टेबलावर सांगितलं नाही, सांगितलं असतं तर पारडं एका बाजूला झुकवल्यासारखं झालं असतं. मंडळी आपल्या वाटेनेच पुढे गेली. आधी ठरलं की व्यापाऱ्याला जहाजांचा मार्ग सहा मैल पश्चिमेला सरकवायला सांगायचं. व्यापारी म्हणाला, त्या अंगाला वारा पडतो, फेरीला दोन दिवस जास्त लागतात, तो तोटा कोण भरणार? मग कॅनडावालीने, जिचं पात्र जादूगार आहे, विचारलं की वारा नक्की कुणाच्या हातात आहे. सहा मैलांतलं हवामान त्याच्या मर्जीवर चालतं ना? मग पश्चिमेच्या पट्ट्यात वारा देण्याबद्दल त्यालाच का विचारू नये? ड्रॅगन टर्टलला वाट मागतात, तसं याला वारा मागायचा. बदल्यात काय द्यायचं ते बघू.

पॅलाडिन आधी हसला नाही आणि नंतर नाही म्हणाला नाही. त्याने एकच अट घातली, की बुडालेल्या चाळीस जणांचा जाब आधी तो विचारणार.

पुस्तकाप्रमाणे क्राकेनला भाषा कळतात, पण तो बोलत नाही. तो मनातून मनाशी संवाद साधतो, आणि त्याची पोच १२० फूट. मी तेवढं सांगितल्यावर मालवणवाल्याने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, “म्हणजे वीस वाव.” ज्या खोलीला आल्यावर प्रत्येक शहाणा कोळी वल्ही मारत सुटतो, त्या खोलीवर होडी धरून ठेवायची आणि बोलायचं. म्हातारी होडी द्यायला तयार आहे, स्वतः यायला तयार नाही. वल्ही कोण मारणार यावर अजून एकमत व्हायचंय. पॅलाडिनला चिलखत उतरवायचं नाही आणि क्लेरिक म्हणतो की चिलखत घातलेला माणूस माझ्या होडीत बसणार नाही.